सड्यावर काय आहे बघायला?

कोकण फिरून आलेल्या माणसाच्या मोबाइलमधले फोटो न बघताही सांगता येतात. गणपतीपुळ्याचा किनारा, जयगडचं दीपगृह, सुरमईचं ताट, होमस्टेच्या झोपाळ्यावर दाटीवाटीने बसलेली मंडळी, परतीच्या वाटेवर घेतलेल्या कोकमच्या बाटल्या. माणूस जरा चोखंदळ असेल तर आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचा कनकादित्य. याबद्दल माझी काही तक्रार नाही. सुट्टी चार दिवसांची, खर्च मोठा, पोरं मागे लागलेली. माणसाने समुद्रावर जाऊ नये तर कुठे जावं? पण एका देवळापासून दुसऱ्या देवळापर्यंत गाडी ज्या उघड्या, सपाट, काळपट माळावरून धावते, तिथे कुणी काच खाली करत नाही. रस्ता सरळ असतो म्हणून ड्रायव्हर वेग वाढवतो, मागचे डुलक्या काढतात. त्या माळाला आमच्याकडे सडा म्हणतात.

माझं माहेर राजापूर तालुक्यात. गाव खाली खळाटीत, दोन्ही अंगांना सडा. कोकण म्हणजे समुद्र, हे समीकरण मुंबईकरांनी मांडलं आणि आम्ही ते मुकाट्याने मान्य केलं, असं मला हल्ली वाटू लागलंय. आम्हा पोरांना समुद्र दिसायचा तो जैतापूरला कुणाकडे लग्नकार्य निघालं तर. सडा रोजचा होता. हायस्कूल पलीकडच्या गावात, म्हणजे सकाळी घाटी चढून सडा ओलांडायचा, घाटी उतरायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच उलट.

सड्यावर झाड नाही, आडोसा नाही. श्रावणातला वारा असा की छत्री उघडण्यात अर्थ नसायचा. गोणपाटाची खोळ डोक्यावर घ्यायची, दप्तर पोटाशी धरायचं आणि मान खाली घालून चालायचं. धुकं उतरलं की वाट दिसेनाशी व्हायची. त्यासाठी जुन्या लोकांनी ठरावीक अंतरावर दगडांच्या राशी रचलेल्या होत्या. गणपतीच्या आधी कुणीतरी त्यांना चुना फासायचं. एका राशीपाशी पोचलं की पुढची शोधायची. वीज चमकायला लागली तर धावायचं नाही, मोकळ्यावर दोन पायांवर उकिडवं बसायचं, ही आजीची ताकीद. आम्ही बसायचो. पाचवी ते दहावीची पोरं ओळीने माळावर उकिडवी बसलेली आणि वर आभाळ गडगडतंय. त्या वेळी भीती वाटायची. आता ते आठवलं की हसू येतं.

लग्न होऊन डोंबिवलीला आले. त्यानंतर गावी जाणं रातराणीने. हातखंब्याला उजाडायच्या आत चहा, मग लांजा, मग राजापूर, आणि तिथून गावची एसटी. ती गाडी घाटी चढून सड्यावर आली की ड्रायव्हर हेडलाइट बंद करायचा, कारण वर उजेड आधी पोचलेला असायचा. खाली वाड्या अजून काळोखात. गाडीतल्या चाकरमान्यांना तिथे जाग यायची, बायका पदर सारखा करायच्या, कुणीतरी पिशव्या मोजायला घ्यायचं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि सगळ्यांचीच मोठी सोय झाली, माझीही. पण रेल्वे या भागातून जाते ती बरीचशी जमिनीच्या पोटातून. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. बोगदा नसेल तिथे दोन्ही बाजूंना कापलेल्या तांबड्या भिंती. त्यामुळे ज्यांनी कोकण फक्त रेल्वेने पाहिलं, त्यांनी सडा आतून पाहिला आणि वरून कधीच पाहिला नाही.

हा दगड म्हणजे जांभा. काळ्या कातळावर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन यांचा मारा झाला, विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा थर. उन्हापावसाने आणि शेवाळाने वरून काळा पडतो, फोडला की आत लाल. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या डॉक्टराने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याचं वर्णन केलं: जमिनीत असताना हत्याराने सहज कापता येतो, बाहेर हवेत ठेवला की टणक होतो. आमच्या गवंड्यांना हे बुकाननच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. घरं, विहिरी, गडगे, पाखाड्या, देवळांचे चौथरे, सगळं चिऱ्याचं. माझं माहेरचं घरही.

मे महिन्यात सड्यावर पाय ठेववत नाही. मिरगाचा पाऊस लागला की आठवड्याभरात चित्र पालटतं. हे लांबून दिसत नाही, गाडीतून तर नाहीच. त्यासाठी खाली बसावं लागतं. कातळाच्या भेगेत बोटभर माती साठलेली असते, तेवढ्यातून दिपकाडीचा दांडा वर येतो आणि पांढरी फुलं लागतात. ही वनस्पती कोकणाच्या या पट्ट्याबाहेर सापडत नाही. उथळ खळग्यांत पाणी साचतं, त्यात बेडकांची अंडी, मग पिल्लं. रात्री गॅसबत्ती घेऊन पोरं कुर्ल्या धरायला निघतात. पुढे गेंदाची पांढरी बोंडं येतात, कवल्याची पिवळी फुलं येतात, आणि ओलसर जागी सीतेची आसवं.

या सीतेच्या आसवांकडे जरा निरखून बघा. फूल निळं-जांभळं, करंगळीच्या नखाएवढं. दांडी सुईसारखी बारीक, पान शोधूनही पटकन सापडत नाही. कारण या झाडाचा खरा कारभार खाली, ओल्या मातीत चालतो. तिथे त्याला डोळ्यांनी जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की झडप उघडते, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि झडप मिटते. पुढे त्याचं सावकाश पचन. जांभ्यावरच्या या बोटभर मातीत नत्र जवळपास नसतं, म्हणून झाडाने ही सोय केलेली. इतकं नाजूक नाव असलेलं फूल आणि त्याचा धंदा शिकारीचा! शाळेत आम्हाला कीटकभक्षी वनस्पती म्हणून घटपर्णी शिकवली, ती मेघालयातली. बाई शिकवत होत्या आणि आम्ही ज्या तुडवत आलो होतो त्या वनस्पती आमच्या चपलांना चिकटलेल्या होत्या.

सप्टेंबरात गवत गुडघाभर. गुरं तिथे, गुराखी तिथे. दिवाळीच्या सुमारास गवत कापून भारे खाली आणायचे: गोठ्याला, शाकारणीला, आंब्याच्या पेट्यांत घालायला. कापणी झाली की टिटव्या उघड्या दगडावर अंडी घालायला मोकळ्या. म्हणजे पडीक म्हणून ज्याच्याकडे बघतात त्या जमिनीवर वर्षभर कुणाचं ना कुणाचं काम चाललेलं असायचं. सातबाऱ्यावर मात्र ती पोटखराब, आकार नावापुरता.

आमच्या सड्यावर एक मोठा चौकोन कोरलेला होता. आत नागमोडी रेघा. पांडवांनी एका रात्रीत काढला आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धा टाकून गेले, असं आजी सांगायची. कोकणातली निम्मी अर्धवट कामं पांडवांच्या खात्यावर टाकलेली आहेत. आम्ही त्या चौकोनात लंगडी खेळायचो. पावसात रेघांमध्ये पाणी भरायचं, त्यात पानं सोडायचो. ते काय आहे असा प्रश्न ना आम्हाला पडला, ना शाळेतल्या कुणा मास्तरांना.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांना तो पडला. ही मंडळी गेली काही वर्षं गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत, सड्यावरची कातळशिल्पं शोधत आणि साफ करत आली. त्यातून जे पुढे आलं ते थक्क करणारं आहे. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृती भरलेल्या आहेत. बारसूला दोन बाजूंना दोन वाघ आणि मधे माणूस. देवाचे गोठणे इथे कोरलेल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र धरलं तर सुई भलतीकडे वळते. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही नाही. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं शिल्प तर गावाने पिढ्यान्पिढ्या मानलेलं. २०२२ साली यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ.

यादी झाली तेव्हा मला आनंद झाला. भाच्याला फोन करून सांगितलंही. पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा म्हटलं, चल, कशेळीचा हत्ती दाखव. भाचा पर्यटकांसाठी गाडी चालवतो, शिवाय कलमं बघतो. तो म्हणाला, "मावशी, देवघळीला नेतो, सूर्यास्त बघ. सड्यावर काय आहे बघायला?"

नेलं त्याने, कुरकुरत का होईना. हत्ती पाहिला. पण मला जास्त दिसलं ते वाटेवर. जिथे लहानपणी क्षितिजापर्यंत नुसता कातळ होता, तिथे आता काटेरी तारेची कुंपणं, 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या, आणि चिरेखाणी. पूर्वी चिरा हाताने काढायचे. दोन माणसं दिवसभर खपली तर एक भिंत उभी राहण्याइतका माल. आता पातं लावलेलं यंत्र फिरतं, दिवसाला ट्रकच्या ट्रक भरतात. लाल धुरळा आजूबाजूच्या काजूच्या मोहरावर बसतो. माल संपला की यंत्र पुढे जातं आणि मागे राहतो चौकोनी खड्डा, तीन-चार पुरुष खोल, काठ सरळ तासलेले. पावसात तो भरतो. त्यात गुरू पडलं तर बाहेर येत नाही, पोर पडलं तरी नाही. दुसरीकडे कलमांसाठी कातळाला सुरुंग लावून खड्डे केलेले, ट्रकने माती आणून भरलेली. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं; तो ज्या भूगोलातून येतो त्याचं मानांकन कुणी केलेलं नाही.

मी हे बोलले तेव्हा भाच्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, "तू पावसात एकदा येणार, फुलं बघणार, परत जाणार. आम्ही इथं बारा महिने राहतो. सड्याने कधी पोट भरलंय कुणाचं? चिरेखाणीवाला रोख देतो."

त्याचं म्हणणं खोडून काढायला मला आजही सोपं जात नाही. शहरातल्या माणसाने गावाला 'जसंच्या तसं राहा' म्हणून सांगणं यात एक निर्लज्जपणा असतो, आणि आम्ही चाकरमानी तो सर्रास करतो. आपण फ्लॅट घ्यायचे, आणि गावातल्या भावाने मात्र कौलारू घर आणि शेणाचं अंगण सांभाळायचं, कारण आपल्याला गणपतीत ते बरं दिसतं.

तरीही त्याच्या हिशेबात एक रकाना सुटलाय. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकण मातीच्या थराला अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडतो. खळाटीतल्या वाड्यांच्या विहिरी, पऱ्ये, पाणवठे यांना पाणी येतं ते वरून. एवढा पाऊस पडूनही कोकणात मे महिन्यात टँकर फिरतो, हे काही गुपित नाही. असं असताना पाणी धरून ठेवणारा वरचा थरच कापून, ट्रकमध्ये घालून दुसऱ्याच्या बंगल्याच्या कंपाउंडला लावायचा, हा व्यवहार रोखीत कितीही बरा दिसला तरी घाट्याचा आहे. सड्याने पोट भरलं नसेल, पण घागर त्यानेच भरली.

आणि वारशाचं काय करायचं ठरलंय, तेही मला पटत नाही. सरकारी बेत दिसतो तो असा: शिल्पाभोवती गडगा किंवा रेलिंग, एक फलक, जमलं तर पत्र्याची शेड. संरक्षण झालं. त्या रेलिंगच्या बाहेर पाच पावलांवर खाण चालली तरी कुणाला हरकत नाही. जुन्या पोथीतलं चित्र कापून चौकटीत बसवावं आणि पोथी रद्दीत घालावी, तसलं हे रक्षण. ज्या कुणी तो हत्ती कोरला, त्याने तो उघड्या सड्यावर कोरला. चहूकडे कातळ, वर आभाळ, पावसात रेघांत पाणी भरणार, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्यातलं काहीच शिल्लक ठेवायचं नसेल तर हत्तीचा प्लास्टरचा साचा रत्नागिरीत ठेवला तरी चालेल. नऊ ठिकाणांना युनेस्कोचा शिक्का लागेलही. पण ज्यांची यादीत नोंद नाही अशी शेकडो शिल्पं आहेत. आमचा लंगडीचा चौकोन त्यातलाच.

कासचं उदाहरण सगळे देतात. पश्चिम घाटातली निवडक ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा झाली, त्यात कासचं पठार होतं. गर्दी उसळली, फुलं तुडवली गेली, म्हणून जाळीचं कुंपण घातलं, तिकीट लावलं. मग अभ्यासकांच्याच लक्षात आलं की गुरं चरायची थांबली म्हणून गवत माजतंय आणि फुलांना जागा उरत नाहीय. शेवटी ते कुंपण काढलं. यातून आमच्याकडच्या लोकांनी एवढं तरी घ्यावं की असली जमीन माणसांना आणि गुरांना बाहेर काढून राखता येत नाही. ती चालणाऱ्यांनी, चारणाऱ्यांनी, गवत कापणाऱ्यांनी राखलेली आहे.

आज सड्यावर चालतं कोण? रस्ते झाले, पोरं रिक्षाने शाळेत जातात. चांगलंच आहे, आमच्यासारखं विजेत उकिडवं बसावं लागत नाही. पण चुना फासलेल्या राशी ढासळल्या आणि गुराखी संपले, तसा सडा सगळ्यांचा होता तो कुणाचाच नाही असा झाला. अशी जमीन विकायला सोपी. नावं सातबाऱ्यावर तीस-पस्तीस, निम्मे खातेदार मुंबईत, काही वारलेले. एजंट मुखत्यारपत्रं गोळा करतो. सही करणाऱ्याला आपण नेमकं काय विकलं हे माहीत नसतं, कारण तो तिथे कधी उभा राहिलेला नसतो.

म्हणून गावी जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जून ते सप्टेंबरात एक दिवस समुद्र सोडा. होमस्टेवाल्याला विचारा की सड्यावर फिरवणारा कुणी आहे का. बहुतेक नसेल, पण पाच गिऱ्हाइकांनी विचारलं तर सहाव्याच्या वेळी असेल, आणि तो पूर्वीचा गुराखी असेल तर पुस्तकी गाइडपेक्षा बरा. त्याला सुरमईच्या ताटाएवढे पैसे द्या. ग्रामपंचायतींकडे जैवविविधता नोंदवही असायला हवी, २००२च्या कायद्यानेच तशी तरतूद केली आहे. ती कपाटातून काढून तिच्यात दिपकाडी, कुर्ल्या, पाणवठे आणि कोरलेल्या रेघा कुठे आहेत ते लिहा. खाणीला परवानगी द्यायचीच तर आधी हे टिपण बघून द्या. चिरा लागणारच आहे, मी चिऱ्याच्या घरात वाढले. सगळा सडा खणायला लागेल एवढा मात्र लागत नाही.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, की पुढच्या पावसात येणाऱ्या गिऱ्हाइकांना एकदा नेऊन बघ, पैसे मिळाले नाहीत तर मला सांग. नेलं त्याने दोन कुटुंबांना. एक बाई कंटाळली, चपलेत पाणी गेलं म्हणून. दुसऱ्या घरातली मुलगी सीतेच्या आसवांपाशी ओणवी झाली ती उठेचना, म्हणे. पैसे समुद्राइतके मिळाले नाहीत. अगदी मिळालेच नाहीत असंही नाही.

आमच्या चौकोनाच्या जमिनीवर वडिलांमागे आम्हा बहिणींचीही नावं लागली आहेत. एजंटाला हक्कसोड हवी होती, दोघा चुलत भावांनी दिली. मी दिलेली नाही. विकायचंच असेल तर आधी मोजणी करा, चौकोन आणि त्याच्या सभोवारचा कातळ, खालच्या झऱ्यापर्यंतचा, वेगळा काढा, आणि मग उरलेल्याचं बोला, असं भावाला लिहून पाठवलंय. तो दोन महिने बोलला नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला: मोजणीचे पैसे कोण भरणार? मी म्हटलं, अर्धे मी भरते. तो म्हणाला, बघू.